डिमेओ गँगवरचं पुस्तक वाचलंय का कोणी? मारणारे सगळे लक्षात राहिले, मेलेले कोण होते तेच आठवत नाही

हार्बरलाइन_वाचक

न्यूयॉर्कच्या गॅम्बिनो या माफिया फॅमिलीतल्या रॉय डिमेओच्या टोळीबद्दल कोणी वाचलंय का? दोन पत्रकारांनी १९९२ मध्ये लिहिलेलं जाडजूड पुस्तक आहे, मैत्रिणीने दिलं आणि मी ते वाशी-सीएसएमटी येताजाता वाचून संपवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ब्रुकलिनमध्ये फ्लॅटलँड्स भागात जेमिनी लाउंज नावाचा बार होता, सत्तरच्या दशकात तो यांचा अड्डा. गाड्या चोरायच्या, व्याजाने पैसे फिरवायचे, ड्रग्ज, आणि जो कोणी अडचणीचा वाटेल त्याला बारमागच्या खोलीत बोलवायचं. माणूस दारातून आत आला की सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलाने डोक्यात गोळी, लगेच डोक्याभोवती टॉवेल, तेवढ्यात दुसरा छातीत सुरा घालणार म्हणजे हृदय बंद पडेल आणि रक्त उडणार नाही. पुढचं लिहीत नाही, डिमेओ पोरवयात खाटकाच्या हाताखाली काम शिकला होता एवढं सांगितलं की समजून घ्या. मग सगळं खोक्यांत भरून फाउंटन अव्हेन्यूच्या डंपिंग ग्राउंडवर. ७५ ते २०० माणसं मारली असा अंदाज आहे, आकड्यात एवढी तफावत कारण बहुतेकांची प्रेतं मिळालीच नाहीत.

आता प्रश्न. पुस्तक संपल्यावर लक्षात आलं की टोळीतला एकेक माणूस मला पाठ झालाय. जोई टेस्टा आणि अँथनी सेंटर कायम बरोबर म्हणून त्यांना जेमिनी ट्विन्स म्हणायचे, मागच्या खोलीत राहणाऱ्याला ड्रॅक्युला म्हणायचे, कोण कोणाचा पुतण्या कोण कोणाचा भाचा सगळं. पण मेलेल्यांपैकी कोण काय करत होता, घरी कोण होतं, काही म्हणजे काहीच डोक्यात राहिलं नाही. हे माझ्या वाचण्यामुळे झालं की लिहिलंयच तसं? आणि हो, आई म्हणते असली घाण डोक्यात कशाला भरून घेतेस. तुम्ही लोक असं का वाचता ते खरंच जाणून घ्यायचंय.

रात्रपाळीवाला

वाचलंय, दोनदा. मागच्या खोलीचं वर्णन नको होतं असं बरेच जण म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. ते वर्णन काढा आणि उरतं काय बघा. मॅसापिक्वा पार्कमध्ये मोठं घर, बायकापोरं, रविवारी अंगणात बार्बेक्यू, शेजाऱ्यांना मदत करणारा माणूस. एवढंच वाचलं तर तुम्हाला तो आवडायला लागेल. टॉवेल आणि सुरा आला की मग तो माणूस काय करतो ते आपण विसरू शकत नाही. म्हणून मी म्हणतो रक्त लिहा, पूर्ण लिहा, जेवढं आहे तेवढं लिहा. गोळी लागली आणि माणूस पडला अशी एका ओळीत हत्या लिहिणारेच जास्त नुकसान करतात.

गणेशगल्लीतली

मी तुमच्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबून देते, माफ करा मोठं होईल.

आमचं लालबागला हार्डवेअरचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात खंडणीचे फोन यायचे. घरचा लँडलाइन, त्यावर आईने क्रोशाचं कव्हर केलेलं, आणि संध्याकाळी सातनंतर तो वाजला की आम्ही तिघं भावंडं जागच्या जागी बसायचो, उचलायचा कोणी नाही. पप्पांनी आम्हाला वाक्य शिकवून ठेवलेलं, पप्पा गावाला गेलेत, कधी येणार माहीत नाही. पप्पा समोरच बसलेले असायचे. पेट्यांमध्ये, म्हणजे लाखांत, आकडा सांगायचे ते लोक, आणि पप्पांच्या दुकानात वर्षाला तेवढा नफा नव्हता. दुकानावर पैसे न्यायला जो पोरगा यायचा तो आमच्याच मागच्या चाळीतला, गणपतीत आईच्या पाया पडायचा, आई त्याला प्रसाद द्यायची आणि तो गेल्यावर आत जाऊन रडायची. शेवटी पप्पांनी दुकान विकून डोंबिवलीला भाड्याचा गाळा घेतला. कोणाला गोळी लागली नाही, पोलिसात काही नोंद नाही, पेपरात काही आलं नाही. आता मुंबईच्या अंडरवर्ल्डवर एवढं लिहिलं जातं त्यात आमच्यासारखे कुठे आहेत ते दाखवा मला कोणीतरी.

ती पोरं तशी का झाली ते मला कोणी समजावू नये, मी तिथलीच आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर, घरात चूल पेटेना, मोठा झालेला मुलगा नाक्यावर उभा, आणि त्या नाक्यावर कोणीतरी त्याला रोजचे पैसे द्यायला तयार. पुढे गिरण्यांच्या जमिनीला भाव आला तेव्हा तर विचारूच नका, १९९४ मध्ये खटाव मिलच्या मालकाला महालक्ष्मीला गाडीत मारलं, १९९७ च्या जानेवारीत संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंतांना पवईला घराजवळ गोळ्या घातल्या. हे सगळं खरं आहे आणि लिहिलंही पाहिजे. पण लिहिणारा जेव्हा त्या पोराची गरिबी चार पानं सांगतो आणि ज्याच्याकडून त्याने पैसे नेले त्याला एका शब्दात "व्यापारी" म्हणून मोकळा होतो, तेव्हा माझं डोकं फिरतं. आमचीही गरिबीच होती हो.

म्हणून सांगते, तुमच्या वाचण्यात काही खोट नाही. तसंच लिहिलेलं असतं.

कोर्ट_नंबर_सत्तावीस

गणेशगल्लीतली ताई, तुमचं वाचून थोडा वेळ काही टाइप करता आलं नाही. मी फौजदारी वकिली करतो, त्या बाजूने सांगतो.

ही पुस्तकं बनतात कशावर ते बघा. डिमेओच्या बाबतीत बराचसा मजकूर डॉमिनिक माँटिग्लिओकडून आलाय. हा नीनो गॅजीचा पुतण्या की भाचा, घरात वाढलेला, व्हिएतनामला लढून आलेला, आणि हा गॅजी म्हणजे डिमेओचा वरचा माणूस. १९८३ मध्ये अटक झाल्यावर माँटिग्लिओ सरकारी बाजूने उभा राहिला. आपल्याकडे माफीचा साक्षीदार म्हणतो त्यातलाच प्रकार. आता असा माणूस सांगणार काय? आतलं सांगणार. जेवणं, भांडणं, कोणाचा कोणावर राग, कोणी कोणाला थोबाडीत मारली. मेलेला माणूस त्याच्यासाठी दारातून आत आला आणि संपला, त्याच्या घरी त्या रात्री काय झालं हे त्याला कळायचं काही कारणच नाही. वाचक त्याच्या डोळ्यांनी बघतो, त्यामुळे वाचकालाही तेवढंच दिसतं.

पण याच्याही मागे एक गोष्ट आहे जी मला जास्त महत्त्वाची वाटते. १९७५ मध्ये या टोळीने एका गॅरेजवाल्याला मारलं, तो पोलिसांशी बोलत होता. त्याच्या शरीराचे तुकडे सापडले, ओळख पटली, हेन्री बोरेली आणि जोई टेस्टा यांच्यावर खटला उभा राहिला. दोघंही सुटले, पण यातून ते शिकले की प्रेत सापडणं हीच सगळी भानगड. प्रेत नाही तर पंचनामा नाही, पोस्टमॉर्टेम नाही, खुनाचं कलम लावायचं कशावर? हरवल्याची एक तक्रार फक्त, तीही घरच्यांनी केली तर. म्हणजे हार्बरलाइन ताई, ती माणसं तुम्हाला आठवत नाहीत कारण त्यांचं काही मागे उरू नये यासाठीच ती खोली चालत होती. कागदावरून माणूस पुसून टाकणं हाच तर त्यांचा गुन्हा, खुनाइतकाच मोठा. लेखकाला तिथे कष्ट करावे लागतात, घरोघरी जावं लागतं, आणि बहुतेक जण जात नाहीत.

शेवटी त्यांना पकडलं ते १९७० च्या रिको कायद्याने, म्हणजे एकेक खून सुटा न बघता पूर्ण टोळीचा धंदा एकत्र कोर्टासमोर ठेवायचा. आपला १९९९ चा मोक्का त्याच विचारातून आलेला. टेस्टा आणि सेंटरला १९८९ मध्ये जन्मठेप झाली. डिमेओला कोर्ट बघायलाच मिळालं नाही, जानेवारी १९८३ मध्ये त्याच्याच गाडीच्या डिकीत मेलेला सापडला. त्याच्या वर बसलेला, गॅम्बिनो फॅमिलीचा बॉस पॉल कॅस्टेलानो तर खटला चालू असतानाच मारला गेला, १६ डिसेंबर १९८५ ला मॅनहॅटनमध्ये स्टेकहाउसच्या बाहेर.

रात्रपाळीवाला

वकीलसाहेब, एक मात्र आहे जो पुस्तकात नीट दिसतो. व्हॅक्युम क्लीनर विकणारा मुलगा.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी, एप्रिल १९७९. टोळीतल्या ख्रिस रोझेनबर्गने क्युबन ड्रग्जवाल्यांना फसवून मारलेलं, त्यांची माणसं सूड घ्यायला येणार म्हणून डिमेओ घरात बंदूक घेऊन बसलेला. घराबाहेर एक अनोळखी गाडी उभी. आत अठरा वर्षांचा कॉलेजचा पोरगा, दारोदार व्हॅक्युम क्लीनर विकून फीचे पैसे जमवणारा. डिमेओला वाटलं हाच मारेकरी. पोरगा घाबरून पळाला, याने गाडी काढून मैलोनमैल पाठलाग केला आणि भर रस्त्यात त्याला मारलं. नंतर कळलं कोण होता ते, तर म्हणे डिमेओ रडला. आणि पुढच्याच महिन्यात रोझेनबर्गला, ज्याला तो पोटच्या पोरासारखा वागवायचा, त्याला स्वतः मारला, आणि या वेळी प्रेत गायब केलं नाही, मुद्दाम गाडीत सापडेल असं ठेवलं कारण क्युबन लोकांना पेपरात बातमी छापून आलेली बघायची होती.

मी ते पान वाचलं तेव्हा कंपनीत ब्रेकमध्ये होतो, माझा धाकटा भाऊ तेव्हा तसंच वॉटर प्युरिफायर विकायचा घरोघरी, कांदिवली-बोरिवलीच्या सोसायट्यांमध्ये, टाय लावून, पाठीवर बॅग. मी त्याला फोन केला कुठे आहेस विचारायला. तो म्हणाला का रे काय झालं, मी म्हटलं काही नाही असंच.

देवनार_वरून

ते फाउंटन अव्हेन्यूचं डंपिंग ग्राउंड, तिथे आता काय आहे माहितीये का कोणाला? २०१९ मध्ये शर्ली चिझम स्टेट पार्क म्हणून उघडलं लोकांसाठी. शेजारचं पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूचं आणि हे असे दोन्ही डेपो मिळून. सायकल ट्रॅक, गवत, समोर जमैका बे.

मी देवनारच्या डंपिंगजवळ राहतो, १९२७ पासूनचा कचरा आहे आमच्याकडे, डोंगर झालाय. वरून कचरा पडत राहिला की खाली काय आहे ते शोधणं किती अशक्य आहे हे मला कोणी सांगायला नको, इथे वेचणारी माणसं सकाळी पडलेलं संध्याकाळी शोधू शकत नाहीत. तिकडेही पोलिसांनी खणायचा विचार केला होता, सोडून दिला. म्हणजे ती माणसं तिथेच आहेत. तिथे एखादी पाटी तरी हवी असं मला मनापासून वाटतं, नावं कळली नाहीत तरी चालेल.

पवई_लेकसाइड

सगळं वाचलं. लेखक घरोघरी जात नाहीत असं वकीलसाहेब म्हणतात त्यावर मला बोलायचंय.

इथे या विषयावर लिहिणं म्हणजे काय असतं ते विसरू नका. जे. डे. क्राइम रिपोर्टर, अंडरवर्ल्डवर पुस्तकं लिहिलेला माणूस, ११ जून २०११ ला पवईत भर दुपारी बाइकवर असताना त्यांना गोळ्या घातल्या. मी त्याच रस्त्याने रोज ऑफिसला जाते. छोटा राजनला त्या केसमध्ये २०१८ ला जन्मठेप झाली, सात वर्षं गेली त्यात. तर ज्याने घरोघरी जावं अशी आपली अपेक्षा आहे त्याच्याही घरी कोणीतरी वाट बघत असतं. अमेरिकेत १९९२ ला पुस्तक आलं तेव्हा डिमेओ मेलेला, गॅजी १९८८ मध्ये तुरुंगात असताना वारलेला, बाकीचे आत. आपल्याकडे ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यातले बरेच बाहेर असतात, काही निवडणुका लढवतात.

आणि आणखी एक, डिमेओच्या मुलानेही २००२ मध्ये आठवणी लिहिल्यात. तो वडिलांवर प्रेम करायचा आणि ते काय करतात हे त्याला हळूहळू कळत गेलं. ते मला टोळीच्या पुस्तकापेक्षा जड गेलं. त्या घरातलंही एक पोर यात भरडलं गेलं.

गणेशगल्लीतली

पवईकर, लिहिणाऱ्यांच्या जिवाला धोका असतो हे शंभर टक्के मान्य. पण पप्पांना विचारायला कोणाला काय धोका होता? आजही नाही. ते ७९ वर्षांचे आहेत, सगळं लख्ख आठवतं त्यांना, कोण आलं, किती नेलं, काय बोलला. भाईची मुलाखत मिळावी म्हणून लोक तुरुंगाच्या दारात उभे राहतात, डोंबिवलीला कोणी येत नाही. डिमेओच्या मुलाचं पुस्तक मी वाचेन, पण आधी दुसरी बाजू वाचायची आहे मला.

हार्बरलाइन_वाचक

एवढं सगळं लिहाल असं वाटलं नव्हतं. व्हॅक्युम क्लीनरवाला मुलगा मला आठवत होता हो, पण मी त्याला "डिमेओ रडला तो प्रसंग" म्हणून लक्षात ठेवलं होतं, म्हणजे त्यातही डिमेओच. ती पानं आज परत काढली.

गणेशगल्लीतली ताई, काकांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा ना प्लीज, फोनवर केलंत तरी चालेल. मी टाइप करून देईन, मनापासून सांगते.

वकीलसाहेब, आपल्याकडच्या केसेसबद्दल मेलेल्यांच्या बाजूने काही वाचायचं तर कुठे वाचू?

कोर्ट_नंबर_सत्तावीस

निकाल वाचा. मुंबई हायकोर्टाच्या वेबसाइटवर मिळतात, फुकट. मोक्काच्या अपिलांचे निकाल शेकडो पानांचे असतात आणि भाषा रुक्ष, पण त्यात बायकोची साक्ष असते, शेजाऱ्याची असते, त्या दिवशी तो घरातून किती वाजता निघाला, काय खाऊन निघाला, कोणाला भेटायला, हे सगळं उलटतपासणीत आलेलं असतं. कोण साक्षीदार फितूर झाला आणि कोण शेवटपर्यंत उभा राहिला तेही कळतं. सुरुवातीचे आरोप आणि कलमं सोडून द्या, पुराव्याचा भाग सुरू होतो तिथून वाचा. इंग्रजीत आहेत, कुठे अडलं तर इथेच विचारा, मी सांगेन.