अ‍ॅट्रॉफिक गॅस्ट्रायटिस म्हणजे कॅन्सर नव्हे

वडिलांच्या बायोप्सीत 'क्रॉनिक अ‍ॅट्रॉफिक गॅस्ट्रायटिस' आलंय, म्हणजे आता कॅन्सर होणारच का, असं तुम्ही विचारलंय. नाही हो, बहुतेकांना तो कधीच होत नाही. वर्षानुवर्षांच्या दाहाने जठराच्या अस्तरातल्या, आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी झिजतात, असा त्या शब्दाचा अर्थ. पुढे कधी तिथे आतड्यासारख्या पेशी उगवतात, तो मेटाप्लेझिया. मग पेशींची ठेवण बिघडते, तो डिस्प्लेझिया, आणि त्यानंतर कॅन्सर. ही वाट फार लांबची आहे.

रिपोर्टमध्ये 'अँट्रम' (जठराचा आतड्याकडचा खालचा भाग) आणि 'बॉडी' (जठराचा मधला मोठा भाग) हे शब्द शोधा. झीज दोन्हीकडे पसरली असेल तर धोका जास्त. अशांना साधारण दर ३ वर्षांनी एंडोस्कोपी सुचवतात.

मुख्य कारण बहुधा एच. पायलोरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच या जिवाणूला कर्करोगकारक ठरवलंय. तो तपासणीत सापडलाय का हे विचाराच. त्यावरचं अँटिबायोटिक संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी, तो गेलाय का हे पाहायला श्वासाची चाचणी करतात, आणि त्याआधी २ आठवडे अ‍ॅसिडिटीच्या पॅन्टोप्रॅझोलसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद ठेवाव्या लागतात. हे पुष्कळदा राहून जातं, मग जिवाणू असूनही चाचणी निगेटिव्ह येते.

सोबत बी-१२ जीवनसत्त्वही तपासून घ्या, ग्रंथी झिजल्या की ते कमी शोषलं जाऊ शकतं.