मदत हवी आहे: सगळं एस्केप करूनही चॅटमध्ये घुसखोरी (तातडीचं)

फुटका_कप:
आमच्या अभ्यासिकेच्या पोरांसाठी चॅट लिहिलंय, पन्नासेक जण वापरतात. काल त्यातल्याच एकाने मला दुसऱ्यांच्या खाजगी रूममधल्या गप्पांचा स्क्रीनशॉट पाठवला. वर म्हणे, "दादा, एसक्यूएल इंजेक्शन आहे तुमच्यात." म्हणजे बाहेरून टाकलेला मजकूर डेटाबेसच्या आज्ञेत घुसतोय. पण मी सगळं एस्केप केलंय, धोक्याच्या चिन्हांआधी बॅकस्लॅश लावलाय! हे होतंच कसं? उद्या संध्याकाळपर्यंत नीट करायचंय, लवकर सांगा.

ताकभात:
भाषा कुठली, डेटाबेस कुठला, एस्केप म्हणजे नेमकं काय केलं? की आम्ही कवड्या टाकून बघायचं?

फुटका_कप:
पीएचपी आणि मायएसक्यूएल, अजून काय असणार.

जुना_खिळा:
मायएसक्यूएल_रिअल_एस्केप_स्ट्रिंग हे जुनं एस्केपचं फंक्शन तर नाही ना? ते पीएचपी 7 मध्येच काढून टाकलं.

फुटका_कप:
नाही हो, मायएसक्यूएलआयवालं.

झेंडू:
एचटीएमएलस्पेशलचार्स लावून टाका सगळीकडे. माझ्या साइटला पाच वर्षांत काही झालेलं नाही.

ताकभात:
ते एक्सएसएससाठी, म्हणजे संदेशातला कोड दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालू नये म्हणून, संदेश पानावर दाखवताना. इथे भोक क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला पाठवलेल्या आज्ञेला पडलंय.

रविवारचा_कोडर:
सिलेक्ट, युनियन, ड्रॉप हे शब्द इंग्रजीत आले की संदेशच नाकारायचा. दोन ओळींचं काम.

जुना_खिळा:
आणि पोरांनी ट्रेड युनियनवर इंग्रजी नोट्स टाकल्या की? शिवाय 'ऑर 1=1' ('किंवा 1=1', जे नेहमीच खरं) मध्ये तुमच्या यादीतला एक तरी शब्द आहे का?

मोंगोभक्त:
मुळात एसक्यूएल वापरताच कशाला? मोंगो घ्या, त्या डेटाबेसात एसक्यूएलच नाही, कटकट संपली.

जुना_खिळा:
संपत नाही. पासवर्डच्या जागी मजकुराऐवजी डॉलर-एनई ('याच्याशी समान नाही') असलेला ऑब्जेक्ट पाठवला आणि तो न तपासता क्वेरीत गेला, की तिथेही दार उघडं.

मोंगोभक्त:
तो कोड लिहिणाऱ्याचा दोष, मोंगोचा नाही.

जुना_खिळा:
मग इथे काय मायएसक्यूएलचा आहे?

ताकभात:
तुमचं चालू द्या. फुटका_कप, संदेश आणणारी क्वेरी टाक.

फुटका_कप:
मोबाइलवर आहे, शब्दांत सांगतो. सिलेक्ट संदेश, व्हेअर रूम_आयडी बरोबर, आणि पुढे ॲड्रेसबारमधला क्रमांक एस्केप करून जोडलाय. आकडाच आहे म्हणून अवतरणचिन्हं नाही घातली.

ताकभात:
सापडलं. एस्केप मुख्यतः अवतरणचिन्हं आणि बॅकस्लॅश यांच्याच अलीकडे बॅकस्लॅश लावतं. तू किंमत अवतरणात ठेवलेलीच नाहीस, त्यामुळे बाहेर पडायला अवतरण तोडावंच लागत नाही. कोणी 5 च्या जागी '5 ऑर 1=1' लिहिलं, तर त्यात एस्केप करण्यासारखं एकही अक्षर नाही आणि सगळ्या रूमचे संदेश समोर. युनियन सिलेक्ट जोडलं तर सदस्यांचं टेबलही. प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापर: क्वेरीत प्रश्नचिन्ह, किंमत वेगळी पाठवायची, म्हणजे ती आज्ञा म्हणून वाचली जात नाही.

केळीचं_पान:
प्रश्नचिन्हावरून आठवलं, माझ्या टेबलात इमोजींच्या जागी प्रश्नचिन्हंच येतात. यूटीएफ8 लावलंय तरी.

ताकभात:
यूटीएफ8एमबी4 लाव, मायएसक्यूएलच्या जुन्या यूटीएफ8 मध्ये एका अक्षराला तीनच बाइट मावतात, इमोजीला चार लागतात. आणि कनेक्शनलाही लाव. पुढचं वेगळ्या धाग्यात.

फुटका_कप:
पीडीओने (पीएचपीची डेटाबेसशी बोलायची सोय) केलं सगळं. पण आता 'आणखी जुने संदेश' दाबलं की सिंटॅक्स एरर, लिमिट '20' पाशी. काल हे चालत होतं!!

जुना_खिळा:
मायएसक्यूएलसोबत पीडीओ डिफॉल्टने प्रिपेअरची नक्कल करतं, म्हणजे किंमत स्वतःच क्वेरीत भरतं, आणि एक्झिक्यूटला ॲरेतून दिलेली प्रत्येक किंमत स्ट्रिंग धरतं. म्हणून 20 भोवती अवतरण आलं. बाइंडव्हॅल्यू वापर आणि पॅराम_इंट दे (म्हणजे किंमत आकडा धरली जाते), किंवा एम्युलेट_प्रिपेअर्स बंद कर. ऑर्डर बायमधलं कॉलमचं नाव मात्र असं बांधता येत नाही, ते आपल्या ठरलेल्या नावांशीच ताडून घ्यायचं. आणि चॅट डेटाबेसला कोणत्या युजरने जोडलंय?

फुटका_कप:
रूट.

जुना_खिळा:
अरे देवा, त्याला तर सगळेच अधिकार. वेगळा युजर कर, त्याला चॅटच्या टेबलांवर लागेल तेवढंच दे. ड्रॉप (टेबलच पुसून टाकणं) तर नकोच.

फुटका_कप:
पॅराम_इंटने चाललं, युजरही बदलला. 'ऑर 1=1' टाकून पाहिलं, आता फक्त रूम 5 चे संदेश येतात. सगळ्यांचे आभार, धागा बंद करतो.

ताकभात:
थांब. ॲड्रेसबारमध्ये साधा 6 टाकला तर? म्हणजे लॉगिन केलेला पोरगा त्या रूमचा सदस्य आहे का, हे कुठे तपासतोस?

फुटका_कप:
...

फुटका_कप:
6 उघडली. आलोच.