मदत हवी आहे : बायको गरोदर, काम थिनरचं, ठेकेदार जागा बदलून देईना

नमस्कार मंडळी,

आम्ही वाळूजला राहतो. बायको गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ठेकेदाराकडून लागलेली. रंगाला जायच्या आधी पार्ट थिनरनं पुसायचे, शिफ्टभर तेच काम. हातमोजे मिळतात, पण सुती. घटकाभरात थिनर पिऊन ओले होतात आणि तेच घालून पाळी काढायची. तोंडाला कापडी मास्क. त्यानं धूळ अडेल, वाफ कशी अडणार? घरी आली की डोकं धरून बसते, मळमळतं. आता दुसरा महिना लागलाय. मळमळ दिवसांची की थिनरची, तेच कळत नाही. पण सुट्टीच्या दिवशी डोकं दुखत नाही, एवढं मी पाहिलंय.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, काम काय करता हे विचारलंच नाही. मग मीच वाचत बसलो. १९९९ साली टोरोंटोच्या संशोधकांनी कामावर सॉल्व्हेंटशी (म्हणजे थिनरसारख्या विरघळवणाऱ्या रसायनांशी) संबंध येणाऱ्या १२५ गरोदर बायकांचा अभ्यास छापला. त्यांच्यात मोठे जन्मदोष १३, आणि संबंध न आलेल्या तेवढ्याच बायकांत १. आकडे लहान आहेत, मान्य. माझी झोप उडवली ती पुढच्या ओळीनं : ज्या ७५ जणींना कामावर त्रास जाणवायचा त्यांच्यात १२ दोष, त्रास नसलेल्या ४३ जणींत एकही नाही. आणि बाळाचे अवयव घडतात ते तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात, म्हणजे हेच दिवस. "बघू पुढच्या महिन्यात" म्हणून चालायचं नाही.

ठेकेदाराला पॅकिंगला टाका म्हटलं तर म्हणतो, जमत नसेल तर घरी बसवा. ड्रमवर नुसतं 'थिनर'. आत टोल्युइन आहे, झायलीन आहे की ग्लायकॉल इथर, कुणी सांगेना.

तर विचारायचं असं, की ड्रमची सेफ्टी डेटा शीट (आत कोणती रसायनं, त्यांचा धोका काय ते सांगणारा कागद) ठेकेदाराकडे मागायची की थेट कंपनीकडे? डॉक्टरांच्या चिठ्ठीत नेमकं काय लिहून घ्यावं, म्हणजे काम बदलून द्यावंच लागेल? ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड आहे. आजारपणाचे ७० टक्के पगाराचे ९१ दिवस यासाठी मिळतात का? औद्योगिक सुरक्षा संचालनालयाकडे तक्रार केली तर नाव गुप्त राहतं का?

'नोकरी सोडा' हा सल्ला कृपया नको. दोघांच्या पगारावर घर चाललंय. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा भागात पेंट शॉपला किंवा सेफ्टीत काम केलेलं कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.