इंग्लंडमधून मोटरहोम फेरीने पलीकडे न्यावे, की पलीकडे उतरून तेथेच भाड्याने घ्यावे?

कृष्णाकाठ (सांगली)

सप्रेम नमस्कार.

पुढील वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आम्ही दोन जोडपी इंग्लंडला जाणार आहोत. मुलगा व सून बर्मिंगहॅमला असतात. आम्ही उभयता सांगलीचे आणि व्याही-विहीणबाई साताऱ्याचे. मुलांकडे राहून झाल्यावर तीन आठवडे चौघांनी मिळून कॅरॅव्हॅनने नेदरलँड्स, ऱ्हाइनकाठचा जर्मनी आणि स्वित्झर्लंड पाहावा, असा बेत आहे. समुद्र विमानाने नव्हे तर फेरीबोटीने ओलांडायचा, एवढे एकमताने ठरले आहे; बाकी प्रत्येक गोष्टीवर मतभेद आहेत.

पहिला प्रश्न गाडीचा आहे. इंग्लंडमध्ये आपल्यासारखेच उजवीकडे स्टिअरिंग असल्याने गाडी तेथेच भाड्याने घेऊन बोटीत चढवावी, असे माझे मत आहे. आम्हा दोघांचेही वय साठीच्या पुढे असले, तरी आंबा घाट आणि आंबेनळी घाट आम्ही वर्षानुवर्षे स्वतः गाडी चालवून उतरलो आहोत. दुसरा प्रश्न व्हिसाचा. तिसरा बोटीचा: तापोळ्याला तराफ्यावर जीप चढवून शिवसागर ओलांडण्याची व्याह्यांना सवय असल्याने, येथेही आपण गाडीतच बसून राहायचे, असे ते गृहीत धरून चालले आहेत. चौथा प्रश्न विहीणबाईंचा असून तो इंडक्शन शेगडी, कुकर, साजूक तूप आणि दोन किलो कंदी पेढे यांच्याविषयी आहे.

अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

अजिंक्यतारा (सातारा)

आधी शब्दांचा घोळ दूर करतो, कारण भाड्याची चौकशी करताना त्यावरूनच गैरसमज होतात. ज्या गाडीतच झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असते ती मोटरहोम, आणि मोटारीमागे जोडून ओढायची ती कॅरॅव्हॅन. तुम्हाला मोटरहोम हवी आहे. कॅरॅव्हॅन मागे घेताना स्टिअरिंग उलट्या दिशेला फिरवावे लागते आणि ते कसब आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्या कारखान्याच्या आवारात लावणाऱ्या ट्रॅक्टरचालकांकडेच असते, तुमच्या-माझ्याकडे नाही.

आम्ही तुम्ही म्हणता तसेच केले होते. इंग्लंडमध्ये गाडी घेऊन डोव्हरहून कॅलेला गेलो. बोटीचा दीड तास मजेत गेला. त्रास झाला तो पुढे. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचे आणि चालकही उजवीकडेच बसलेला, त्यामुळे पुढच्या ट्रकला ओलांडायचे असेल तेव्हा समोरून काय येते आहे हे चालकाला दिसतच नाही. डावीकडे बसलेल्या माणसाच्या शब्दावर विसंबून गाडी बाहेर काढावी लागते. फ्रान्सच्या टोलनाक्यावर खिडकी डावीकडे येते, म्हणून प्रत्येक नाक्यावर पत्नीने अर्धे अंग बाहेर काढून पैसे भरले. याखेरीज इंग्लंडमधल्या बऱ्याच मोटरहोमचे राहण्याच्या भागाचे दार डाव्या अंगाला असते. तिकडे ती बाजू रहदारीकडे येते आणि रस्त्याकडेला थांबल्यावर दार उघडले की माणूस थेट धावत्या गाड्यांसमोर उतरतो. स्टिअरिंगची सवय मोडत नाही हा फायदा खरा आहे, परंतु त्याची किंमत इतर तिघे प्रवासी मोजतात.

तेव्हा माझा सल्ला असा, की बोटीने पायी प्रवासी म्हणून जावे आणि गाडी पलीकडे घ्यावी. त्यातूनही इंग्लंडमधूनच घेणार असाल, तर गाडी देशाबाहेर आणि बोटीवर नेण्याची परवानगी व त्यासाठीचा विमा दोन्ही लेखी घ्या. आम्हाला तोंडी होकार मिळाला होता आणि बंदरावर जाण्याच्या आदल्या दिवशी जादा पैशांची मागणी झाली. चालकाच्या वयाला वरची मर्यादा आहे का, हेही आधीच विचारा; काही ठिकाणी ती असते.

आता वजनाविषयी, कारण हा विषय आपल्या ध्यानीमनीही नसतो. आपल्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची गाडी चालते, परंतु युरोपात मोटारीच्या लायसन्सची मर्यादा ३५०० किलो आहे आणि ती सामान, पाणी व माणसे यांच्यासह मोजली जाते. चौघांची मोटरहोम रिकामी असतानाच या मर्यादेच्या बरीच जवळ गेलेली असते. पाण्याची टाकी साधारण १०० लिटरची, म्हणजे भरल्यावर १०० किलोची. त्यावर चार माणसे, गॅसचे सिलिंडर आणि विहीणबाईंची शिदोरी धरा. स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियात रस्त्यावर गाडी थांबवून वजन करतात आणि जास्त भरल्यास दंड होतो. कडक सुटकेस न नेता घडी होणाऱ्या पिशव्या न्या, कारण रिकामी सुटकेस ठेवायला त्या घरात कोपरा नसतो.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना तुमच्या आरटीओकडूनच मिळतो व तो एक वर्ष चालतो. सोबत मूळ लायसन्स हवेच.

मिरजेचा तंबोरा (मूळ मिरज, सध्या रॉटरडॅम)

अजिंक्यतारा यांच्या निष्कर्षाशी मी सहमत आहे, परंतु त्यांनी एक गोष्ट सांगितली नाही. पलीकडे घेतलेल्या गाडीत चालक डावीकडे बसतो आणि गिअर उजव्या हाताला येतो. आयुष्यभर डाव्या हाताने गिअर टाकलेल्या माणसाची पहिल्या दिवशी फार तारांबळ उडते, म्हणून ऑटोमॅटिक गिअरची गाडीच मागावी. ती महाग पडेल, तरी येथे काटकसर करू नये. गाडी ताब्यात घेतल्यावर त्या दिवशी लांबचा पल्ला न ठेवता जवळच्याच कॅम्पिंगवर, म्हणजे अशा गाड्या उभ्या करून राहण्याच्या तळावर, मुक्काम करावा.

तुमच्या बेताला डोव्हरपेक्षा हार्विच ते हूक ऑफ हॉलंड हा मार्ग अधिक सोयीचा आहे. सगळ्या फेरीबोटी पायी प्रवासी घेत नाहीत, ही घेते. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावरून आगगाडी थेट हार्विच बंदरापर्यंत जाते. रात्रीच्या बोटीत केबिन घ्यावी लागते. झोपून उठलात की नेदरलँड्स आलेले असते आणि बंदराबाहेरूनच रॉटरडॅमची मेट्रो मिळते. दिवसाची बोट सुमारे सात तास घेते. उत्तर समुद्र कधीकधी चांगलाच खवळतो. बोट लागण्याचा त्रास असेल तर बोटीच्या मधल्या भागातील, खालच्या मजल्यावरील केबिन मागावी, कारण तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात.

व्हिसा दोन लागतील. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. शेंगेनचा अर्ज ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो. तुमच्या बेतात तो बहुधा जर्मनी ठरेल. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले तरी शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे त्यासाठी वेगळा व्हिसा नको. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा असते, तिची तुम्हाला तीन आठवड्यांत चिंता नाही. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. राहण्याचा पुरावा मागतात तेव्हा ‘गाडीतच राहणार’ एवढे उत्तर पुरत नाही. गाडीच्या भाड्याचा करार आणि कॅम्पिंगची आरक्षणे जोडावीत.

पेढ्यांविषयी मात्र मन घट्ट करा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध व मांसाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे, आणि भारतातून ब्रिटनमध्ये नेतानाही तीच अडचण येते. म्हणजे पेढे बर्मिंगहॅमपर्यंतदेखील पोहोचणार नाहीत, तूपही नाही. भडंग, हळद, शेंगदाण्याची चटणी खुशाल आणा. तुपाची काळजी करू नका. द हेगमध्ये सुरिनामहून आलेल्या हिंदुस्तानी लोकांची मोठी वस्ती असून त्यांच्या दुकानांत तूप, डाळी, पीठ सारे मिळते.

इंडक्शन शेगडी घरीच ठेवा. कॅम्पिंगवर वीज २३० व्होल्टची असते, परंतु अनेक ठिकाणी जोडणी केवळ ६ अँपिअरची मिळते, म्हणजे एकूण १३८० वॅट. दोन हजार वॅटची शेगडी लावली की खटका पडतो आणि तो वर करायला कार्यालयातील माणूस शोधत फिरावे लागते. गाडीतल्या गॅसवर कुकर उत्तम चालतो. फक्त जर्मनीत दुपारी एक ते तीन ही बहुतेक कॅम्पिंगवर विश्रांतीची वेळ असते. फाटकसुद्धा बंद ठेवतात, म्हणून त्या वेळी गाडी आत घेता येत नाही आणि शिट्ट्याही टाळलेल्या बऱ्या.

कृष्णाकाठ (सांगली)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पेढ्यांची वार्ता साताऱ्याला कळवली असून तिकडे शांतता पसरली आहे. पायी प्रवासी म्हणून जाण्याचे मला पटले, परंतु व्याही नाराज आहेत. बोटीत गाडी चढवायची नसेल तर बोट कशाला, असे त्यांचे म्हणणे आहे. दुसरे विचारायला थोडा संकोच वाटतो, पण व्याह्यांसमवेत तीन आठवडे राहायचे असल्याने विचारतो: गाडीतल्या शौचालयाची व्यवस्था काय असते?

मिरजेचा तंबोरा (मूळ मिरज, सध्या रॉटरडॅम)

संकोच नको, हाच खरा महत्त्वाचा प्रश्न आहे. आसनाखाली बंद पेटी असते, त्यात विशिष्ट रसायन घालतात, आणि भरल्यावर ती गाडीच्या बाहेरच्या झडपेतून ओढून नेमून दिलेल्या जागीच रिकामी करावी लागते. चौघे असतील तर दीड-दोन दिवसांत ती भरते. कॅम्पिंगवरची शौचालये स्वच्छ असतात. दिवसा तीच वापरलीत तर पेटी जास्त दिवस पुरेल. ती रिकामी कोणी करायची हे निघण्यापूर्वीच ठरवा. मुलीकडच्यांनी की मुलाकडच्यांनी, हा वाद परदेशात नको.

अजिंक्यतारा (सातारा)

व्याह्यांच्या गृहीतकाबद्दल लिहायचे राहिले होते. समुद्रावरच्या बोटीत गाडी लावली की हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची, गॅसचा कॉक बंद करायचा, हेलकाव्यांनी वाजू नये म्हणून चोरघंटा बंद करायची आणि सर्वांनी वर जायचे. प्रवासभर गाड्यांचा मजला बंद असतो, म्हणून औषधे व स्वेटर आधीच बरोबर घ्यावे लागतात. हा मजला आडभिंतींविना सलग मोकळा असल्याने तेथे पाणी शिरले तर बोट फार लवकर कलंडते. १९८७ साली बेल्जियममधील झेब्रुग बंदरातून निघालेली फेरी पुढचे दार उघडे राहिल्यामुळे उलटली आणि १९३ माणसे गेली. इटली ते ग्रीस मार्गावरच्या काही बोटी उन्हाळ्यात उघड्या डेकवर मोटरहोममध्येच झोपू देतात, पण तुमची वाट तिकडून जात नाही.

तरीही व्याह्यांची हौस तुमच्याच मार्गावर भागेल. कोब्लेंट्झपासून माइन्झपर्यंत ऱ्हाइनवर एकही पूल नाही. किल्ले आणि द्राक्षमळे असलेला हाच तो भाग. तेथे एका काठावरून दुसऱ्या काठावर जायचे तर गाडी तराफ्यासारख्या सपाट बोटीवर चढवावी लागते आणि काही मिनिटांत पैलतीर येतो. पुढे स्वित्झर्लंडकडे वळताना मेर्सबुर्ग ते कॉन्स्टान्झ ही सरोवरावरची फेरी घ्या. ती रात्रंदिवस चालते आणि पाऊण तासाहून अधिकचा वळसा पंधरा मिनिटांत वाचवते. आरक्षण लागत नाही, मात्र गाडीची लांबी सांगावी लागते. ती आधी मोजून ठेवा, मागे सायकलींचा सांगाडा जोडला असेल तर त्यासकट.