पापलेटला पट्टी लावून समुद्र राखता येतो का?

हर्णैकर (धागाकर्ता):
राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिमी, बोंबील १८०, सुरमई ३७०, घोळ ७००. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. "एवढ्या गुंतागुंतीच्या समुद्राला पट्टी लावता?" म्हणून बरेच जण नाकं मुरडतात. मला नियम पटतो. ईकोपाथसारखं संगणकी मॉडेल उभं करायचं तर कोण कोणाला किती खातो इथपासून भरावं लागतं. पहाटे लिलाव चालू असताना ते उघडून कोण बघणार? पट्टी तांडेलालाही (होडीच्या म्होरक्यालाही) कळते, अधिकाऱ्यालाही. आणि ईकोपाथ तरी कुठे अख्खा समुद्र आहे? त्यातही कितीतरी जाती एकाच गटात कोंबलेल्या असतातच.

वसईकर:
पट्टी जाळ्याला कळत नाही हो! डोल जाळं एका जागी बांधलेलं असतं, भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर येईल ते आत. बोंबील, जवळा, करंदी आणि बोटभर पापलेटं, सगळं एका खोळीत. होडीत ओतेपर्यंत बारीक मासळी मेलेली असते. मग मोजून परत फेकायची? कागदावर नियम पाळला, मासा गेलाच. जाळ्याचा आस (छिद्र) मोठा करा म्हणाल, तर जवळा निसटतो. त्यावर घरं चालतात. शिवाय बोंबीलही जवळाच खातो, ते कुठल्या पट्टीत बसवणार?

गाभोळी:
कॅनडाचा कॉड आठवा. फक्त त्या एका माशाचा हिशोब मांडत बसले आणि १९९२ मध्ये मासेमारी बंद करायची पाळी आली. दोन वर्षांची म्हणून घातलेली बंदी २०२४ पर्यंत चालली.

हर्णैकर:
तिथे माप चुकीच्या जागी घेतलं. उरलेला कॉड थवे करून राहायचा, ट्रॉलरना भरपूर मिळायचा, म्हणून साठा भरपूर धरला. किनाऱ्यालगतचे छोटे मच्छीमार ऐंशीच्या दशकातच मासा घटल्याचं सांगत होते. त्यांचं ऐकायला मॉडेल लागत नव्हतं. वसईकर, डोलसाठी लांबीऐवजी ठरावीक दिवसांची बंदी ठेवू. तोही साधाच नियम.

वसईकर:
चालेल. पण कुठले दिवस? पापलेटची पिल्लं डोलीत कधी येतात आणि तेव्हा डोल उचलली तर जवळ्या-बोंबलाचं काय होतं, हे ठरवायला तुमचं ते किचकट मॉडेलच लागणार ना?