मदत हवी आहे: ती आली की तळहात ओले, छातीत धडधड

कोरा_कागद
शरीरात नेमकं काय होतं आणि ते थांबवायचं कसं, एवढंच सांगा. ती दारातून आत आली की छाती धडधडते, घशाला कोरड, पोटात गोळा, बोटं थरथरतात. सगळ्यात वाईट म्हणजे तळहात. इतके ओले होतात की मोबाइल अंगठ्याचा ठसाही घेत नाही. शनिवारच्या आत उपाय हवाय. 'हळूहळू सवय होईल' असं कृपया लिहू नका.

रानजाई
शनिवारी काय आहे? फक्त तिच्यासमोरच होतं की चारचौघांत बोलतानाही?
कारण सांगते. अनुकंपी चेतासंस्था (धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणारी) जागी होते, अ‍ॅड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात. पचनसंस्थेकडचं रक्त स्नायूंकडे वळतं, तो पोटातला गोळा. लाळ घटते म्हणून कोरड. रक्तातलं अ‍ॅड्रेनलिन खरं तर काही मिनिटांत ओसरतं, पण ती समोरच असली की पुन्हा सुटत राहतं.

तिसरी_घंटा
प्रोप्रॅनोलॉल. स्टेजवर जाण्याआधी मी घ्यायचो, धडधड बंद. डॉक्टरांकडून लिहून घ्या, विषय संपला.

रानजाई
नाही संपत. त्यांची मुख्य तक्रार घामाची आहे. तळहाताच्या घामग्रंथींना निरोप पोचवतं ते अ‍ॅसिटिलकोलीन. प्रोप्रॅनोलॉल हे बीटा ब्लॉकर, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम अडवणारं औषध. ते अ‍ॅसिटिलकोलीनला अडवत नाही. आणि दमा असेल तर हे औषध धोक्याचं.

तिसरी_घंटा
मला उपयोग झाला, तेवढं सांगितलं. दमा आहे असं ते कुठे म्हणालेत?

कोरा_कागद
दमा आहे, लहानपणापासून. त्याचा इथे काय संबंध? आणि शनिवारी बॅडमिंटनची मिश्र दुहेरीची मॅच आहे, ती माझी पार्टनर. रॅकेट हातातून निसटते, म्हणून तर विचारतोय.

आडवाट
हे आधी सांगायचं ना! १९७४ साली मानसशास्त्रज्ञ डटन आणि अ‍ॅरन यांनी कॅनडातल्या कॅपिलानो झुलत्या पुलावर प्रयोग केला होता. पूल ओलांडणाऱ्या पुरुषांना एका तरुणीने काही प्रश्न विचारून आपला फोन नंबर दिला. नंबर घेणाऱ्या १८ पैकी ९ जणांनी नंतर फोन केला. कमी उंचीच्या भक्कम पुलावर १६ पैकी फक्त २. उंचीची धडधड त्या मुलीच्या नावावर जमा झाली! तुमचंही तेच असेल. खेळाची धडधड, आणि तुम्ही तिला प्रेम समजताय.

दुपारचं_ऊन
एवढ्याशा माणसांवरून इतका मोठा निष्कर्ष? १९८१ चा प्रयोगही बघा की. जागच्या जागी धावून दमलेल्या मुलांना आकर्षक मुलगी जास्त आवडली, पण अनाकर्षक मुलगी उलट आणखीच नावडली. म्हणजे धडधड असलेली भावना वाढवते. नसलेली ओढ ती निर्माण करते, हे कुठे सिद्ध झालं?

आडवाट
पुलाचा मुद्दा तरी तुम्ही खोडलेला नाही.

कोरा_कागद
प्रेम आहे की नाही हे मी विचारलेलंच नाही. ते मला माहीत आहे. घामाचं बोला.

रानजाई
दम्याचा पंप कोणता, आणि कधी घेता?

कोरा_कागद
साल्ब्युटामॉल. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे खेळायच्या आधी, चेंजिंग रूममध्ये. बाहेर आलो की ती दिसते.

रानजाई
मग थरथर आणि धडधड यांतला काही भाग पंपाचा असू शकतो, सगळं तिच्यामुळे नाही. बोटं थरथरणं हा साल्ब्युटामॉलचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. पण पंप मनाने बंद करू नका, खेळताना दमा उसळला तर जिवावर बेतेल. डॉक्टरांना हे सगळं सांगा. श्वास सोडताना ठोके थोडे मंदावतात, तेव्हा कोर्टवर जाण्याआधी दोन-तीन मिनिटं श्वास सावकाश, लांब सोडा.
घामासाठी अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं लोशन मिळतं, रात्री कोरड्या हाताला लावायचं. गुण यायला काही दिवस लागतात, शनिवारपर्यंत भरवसा नाही.

तिसरी_घंटा
शनिवारपुरती टॉवेल ग्रिप लावा. घाम शोषते, रॅकेट निसटत नाही. यात तरी वाद नसावा.

कोरा_कागद
ग्रिप आजच बदलतो. पण पॉइंट जिंकला की ती दर वेळी टाळी द्यायला हात पुढे करते. त्याचं काय?

दुपारचं_ऊन
रॅकेट पुढे करा, रॅकेटला रॅकेट टेकवा. दुहेरीत बरेच जण तेच करतात.