हरात्मक श्रेढीच्या बेरजेचे सूत्र आणि प्रत्यक्ष बेरीज जुळत नाही

प्रश्न:
नमस्कार. मुलीचा अकरावीचा अभ्यास घेताना १ + १/२ + १/३ + … या हरात्मक श्रेढीच्या पहिल्या दहा पदांची बेरीज करायची होती. पहिले पद १/अ, छेदांमधील फरक फ आणि पदांची संख्या न असेल, तर बेरीज (१/फ) × लॉग [(२अ + (२न − १)फ) ÷ (२अ − फ)] असते, असे सूत्र इंटरनेटवर मिळाले. त्यात लॉग नैसर्गिक आहे. किमती घातल्यावर लॉग २१, म्हणजे ३.०४४५ आले. मात्र २५२० हा लसावि घेऊन आम्ही दोघींनी वहीत केलेली बेरीज ७३८१/२५२०, म्हणजे २.९२९० भरली. दोनदा तपासूनही फरक तोच आहे. आमचे कुठे चुकते आहे?

प्रतिसाद १:
आपली वहीतली बेरीज अगदी बरोबर आहे. ते सूत्र अंदाजाचे आहे आणि तसे न सांगता ते विद्यार्थ्यांपुढे ठेवणे मला योग्य वाटत नाही. अंकगणिती श्रेढीसारखे नेटके सूत्र इथे नाही. प्रत्येक पदाऐवजी, त्याच्या छेदाच्या दोन्ही बाजूंना फरकाचे अर्धे अंतर घेऊन १/क्ष या वक्राखालचे क्षेत्रफळ मोजून त्याला फ ने भागले (इथे फ = १) आणि ती सारी क्षेत्रफळे जोडली, की हे सूत्र तयार होते. वक्राच्या आकारामुळे प्रत्येक क्षेत्रफळ पदापेक्षा थोडे जास्तच भरते. पहिलेच पद पाहा: १ ऐवजी १/२ पासून ३/२ पर्यंतचे क्षेत्रफळ, म्हणजे लॉग ३ = १.०९८६ धरले जाते. एकूण ०.११५५ च्या तफावतीपैकी ०.०९८६ इथेच आली. उलट १/१० पासून १/१९ पर्यंतच्या दहा पदांना हेच सूत्र ०.७१९१ देते आणि खरी बेरीज ०.७१८८ आहे.

प्रतिसाद २:
श्रेढी १ पासून सुरू होत असेल, तर ऑयलरचा स्थिरांक वापरावा: लॉग न + ०.५७७२१६ + १/(२न) − १/(१२न²). दहा पदांसाठी २.३०२५८५ + ०.५७७२१६ + ०.०५ − ०.०००८३३ = २.९२८९६८, म्हणजे सहा दशांश स्थळांपर्यंत आपल्या वहीतलेच उत्तर मिळते. हा स्थिरांक परिमेय आहे की अपरिमेय, हे मात्र अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. आता मुलगी विचारते आहे, की हजार पदांनाही बेरीज ७.४८५ च्या आसपासच येते, तर पुढे ती कुठे थांबते का?

प्रतिसाद ३:
थांबत नाही. चौदाव्या शतकात फ्रान्समधील निकोल ओरेम यांनी दिलेली सिद्धता तिला वहीत करता येईल. १/३ + १/४ ही बेरीज १/२ पेक्षा मोठी आहे, कारण दोन्ही पदे निदान १/४ इतकी आहेत. १/५ ते १/८ ही चार पदे निदान १/८ इतकी, म्हणून तीही मिळून १/२ पेक्षा जास्त. त्यापुढे आठ पदांचा गट, मग सोळांचा. असे गट कधीच संपत नाहीत, म्हणून बेरीज कोणतीही मर्यादा ओलांडते. वाढ मात्र फार संथ आहे: १० ओलांडायला १२,३६७ पदे पुरतात, तर २० ओलांडायला २७,२४,००,६०० पदे लागतात.